नऊशे चाळीस, न्याहारीसकट

माणसाच्या मनाचा तळ शास्त्रज्ञांना अखेर सापडला, ही या शतकातली सर्वांत मोठी घटना मानली जाते. ऋषिमुनींना ध्यानात जे दिसलं नाही, तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांत जे मावलं नाही, ते एका प्रवास-कंपनीच्या वातानुकूलित कचेरीत सतरा इंजिनिअरांनी दोन वर्षांत मोजून काढलं. आंबेवेळच्या हेमांगी तोडणकरच्या मनाचा तळ नऊशे चाळीस रुपयांवर लागला. न्याहारीसकट.

आंबेवेळ हे कोकणच्या किनाऱ्यावरचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, मध्ये सव्वा किलोमीटर वाळू आणि वाळूच्या मागे एक्केचाळीस पाट्या. प्रत्येक पाटीवर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' एवढंच. हेमांगीची पाटी चौदावी. चार खोल्या, पुढे पडवी, पडवीत बाकडं, बाकड्याखाली पाहुण्यांच्या चपला. नवरा वारल्यावर तिनं दोनाच्या चार खोल्या केल्या होत्या. बावन्न वर्षांची बाई, हिशेबात पक्की. पण पाहुणे मात्र माणसांवरून मोजायची नाही, चपलांवरून मोजायची. त्याला कारण होतं.

आठ वर्षांपूर्वी तिच्याकडे कॉलेजची तीन मुलं उतरली होती. सकाळी पोहे खाल्ले, पुन्हा मागून खाल्ले, आणि ''काकी, तासाभरात येतो'' म्हणून अनवाणीच पाण्यावर गेली. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी आत ओढतं, हे आंबेवेळात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते सांगायला त्या दिवशी किनाऱ्यावर पाच वर्षांचं पोरही नव्हतं. तीन जोड चपला पडवीत अकरा दिवस राहिल्या. बाराव्या दिवशी त्यातल्या एकाचे वडील आले. आपल्या मुलाच्या चपला कुठल्या, हे त्यांना ओळखता येईना. शेवटी ते तिन्ही जोड घेऊन गेले.

पुढच्या ग्रामसभेत हेमांगी उभी राहिली आणि बसलीच नाही. सरकारनं तेव्हा पर्यटनाच्या गावांना 'मुक्काम कर' बसवण्याचा अधिकार नुकताच दिला होता. खोलीभाड्यावर पाच टक्के. कुणालाच तो नको होता. हेमांगीनं एक्केचाळीस घरांच्या पायऱ्या झिजवल्या, चाळीस घरचा चहा प्यायला, आणि कर बसवून घेतला. त्यातून वर्षाला नऊ लाख जमू लागले. किनाऱ्यावर लाकडी मनोरा आला, लाल झेंडा आला, रबरी होडी आली आणि पगारी दोन जीवरक्षक आले. त्यातला एक तिचाच धाकटा दीर, भालचंद्र. सात वर्षांत त्या दोघांनी सेहेचाळीस माणसं बाहेर काढली. सेहेचाळिसांपैकी एकानंही नंतर साधं पोस्टकार्ड पाठवलं नाही. पण आंबेवेळच्या पडवीत बेवारस चपला पुन्हा राहिल्या नाहीत.

मग 'मुक्कामसखा' आलं.

हे मुक्कामसखा म्हणजे फोनमधला एक आवाज. गोड, समजूतदार, कधीही न चिडणारा. थोडक्यात, माणसाचा नव्हे. तो पाहुण्याला खोली शोधून द्यायचा. त्याचं खरं कसब वेगळं होतं. दर दिसल्यावर पाहुण्याचा अंगठा काचेवर किती वेळ थबकतो, फोन खाली ठेवून तो पुन्हा कितव्या मिनिटाला उचलतो, लग्नाचा वाढदिवस विसरला होता का, यावरून हा पाहुणा जास्तीत जास्त किती रुपयांपर्यंत 'हो' म्हणेल ते यंत्र काढायचं आणि बरोबर तेवढेच मागायचं. म्हणून एकसारख्याच खोलीला एक जण सव्वीसशे देई आणि भिंतीपलीकडचा एक्केचाळीसशे. दोघंही खूष असत, कारण नाश्त्याला ते याविषयी बोलत नसत.

मालकाला मात्र ठरलेला आकडा मिळे. मधलं सगळं कंपनीचं.

''भाऊसाहेब,'' हेमांगी एकदा ग्रामसेवकांना म्हणाली, ''पाहुण्यानं चार हजार दिले. त्याचे पाच टक्के दोनशे. पंचायतीला पंच्याहत्तरच कसे?''

ग्रामसेवक बिराजदार सोलापूरकडचे. सात वर्षं समुद्राकाठी काढूनही समुद्राकडे पाठ करून बसत. ''त्याचं असं आहे बघा ताई. नियमात लिहिलंय, 'मालकाच्या हाती पडलेलं खोलीभाडं'. तुमच्या हाती पंधराशे पडले.''

''आणि बाकीचे अडीच हजार?''

''ते कंपनीच्या हाती पडले की. कंपनी काय आंबेवेळला मुक्कामाला नाही.''

कर आटायला लागला, तरी अजून आटला नव्हता. कारण यंत्राला पाहुण्याच्या मनाची कमाल सापडली होती. मालकाच्या मनाची किमान सापडत नव्हती. ती सापडू नये याची सोय कोकणात पिढ्यान्पिढ्या करून ठेवलेली आहे.

''ताई, अठराशेला खोली द्याल?'' सखा विचारी.

''बघूया.''

''सोळाशेला?''

''बघूया मां.''

''म्हणजे हो समजू का?''

''समजा नको. बघूया.''

सतरा इंजिनिअरांनी या 'बघूया'वर चार महिने घालवले. तो होकार होता, नकार होता, की हवामानाविषयी काही होतं, ते कळेना. कंपनीच्या नकाशावर आंबेवेळ पिवळ्या रंगात दाखवलं जाऊ लागलं. पिवळा म्हणजे 'माहिती अपुरी'.

तेवढ्यावर गाव थांबलं असतं, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण गावानं एकी करायचं ठरवलं.

कल्पना हेमांगीचीच. खोली दोन हजारांच्या खाली कुणीच द्यायची नाही. सखा गोड बोलो की रडो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मान डोलावणं म्हणजेही बघूयाच. म्हणून देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गावचे मानकरी दाजी धुरी देवासमोर नारळ धरून मागणं मागणार आणि सगळा गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणार, ही तिथली पिढीजात रीत. कोर्टाचा निकाल आंबेवेळकर वरच्या कोर्टात नेईल, गाऱ्हाण्याच्या वर कोर्ट नाही.

''पण सगळ्यांनी एकदम म्हणूचा नाय,'' हेमांगी म्हणाली.

''कित्या गो?'' दाजींनी विचारलं. दाजींचं 'सी व्ह्यू' नावाचं लॉज होतं. तिथून समुद्र दिसत नसे.

''गेल्या साली किनाऱ्यावर कचरो टाकूचो नाय म्हणान गाऱ्हाणा घातलास. तेव्हा तुमच्याच चुलत्यान नुसते ओठ हलवल्यान. माझ्या बाजूक उभो होतो तो. आवाज नाय काय नाय.''

''तेचो घसो बसलेलो.''

''मगे कचरो टाकताना कसो सुटलो?''

तेव्हा असं ठरलं, की प्रत्येक घरातल्या एकानं पुढे यायचं, नारळाला हात लावायचा आणि माईकमध्ये, स्वतंत्र, खणखणीत 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागणं तीनदा मागायचं, होकारही तीनदा द्यायचा. आणि सगळं रेकॉर्ड करायचं, म्हणजे उद्या कुणी 'मी म्हणूकच नाय' म्हणायला नको.

तसंच झालं. ''बा देवा म्हाराजा,'' दाजींनी आवाज लावला, ''आज ह्या गावाची एकेचाळीस घरां तुज्या दारात उबी आसत. जो कोण दोन हजाराच्या खाली खोली दितलो, तेका तूच काय ता बघून घे रे म्हाराजा!''

एक्केचाळीस जणांनी एकेक करून होकार दिला. हेमांगीनं सर्वांत मोठ्यानं दिला. ते रेकॉर्डिंग रिवाजाप्रमाणे गावाच्या चॅनेलवर चढवलं गेलं, कारण गावात काही घडलं आणि मुंबईच्या आंबेवेळकरांना दिसलं नाही तर त्यांना अपमान वाटतो. दोनशे तेरा जणांनी ते पाहिलं. दोनशे बारा आंबेवेळकर होते.

आता थोडं विज्ञान.

माणूस मनापासून 'हो' म्हणतो तेव्हा प्रश्न संपायच्या आतच त्याचा गळा तयारीला लागतो. मनाविरुद्ध 'हो' म्हणताना तसं होत नाही. आधी श्वास किंचित अडतो, स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात, पहिलं अक्षर एका सेकंदाच्या काही शतांशांनी उशिरा निघतं आणि शेवटचं थोडं खाली पडतं. कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. ही फट किती रुंद आहे, ती दुसऱ्या खेपेला वाढते की मिटते, यावरून तो माणूस कशानं आणि किती वाकेल याचं गणित मांडता येतं. कंपनीनं या जागेचं नाव ठेवलं होतं 'नमनबिंदू'. सिद्धांत तयार होता. अडचण एकच होती. नाइलाजानं दिलेले होकार कुणी रेकॉर्ड करत नाही. लग्नाच्या व्हिडिओंवर प्रयोग झाला, पण तिथे सनई फार वाजते.

आणि इथे एका गावानं आपखुशीनं, एकेकट्यानं, चांगल्या माईकमध्ये, एकाच देवळात, एकाच अंतरावरून, एकाच विषयावर एकशे तेवीस होकार नोंदवून जगासमोर ठेवले होते. विषयही नेमका खोलीच्या दराचा. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला इतका शुद्ध नमुना मिळालेला नव्हता. सर्व आवाज एकत्र आले असते, तर यंत्राला त्यातून काहीही वेगळं करता आलं नसतं. पण आंबेवेळकरांचा एकमेकांवर तेवढा विश्वास नव्हता.

सगळ्यात आधी कोण वाकेल, याची यादी तयार झाली. दाजी, ज्यांच्या होकारात जवळजवळ अर्ध्या सेकंदाची फट होती, ते बरेच खाली होते. जो थांबतो तो मनात आकडेमोड करत असतो, स्वस्तात वाकत नाही, असं यंत्राचं मत. पहिलं नाव चौदाव्या पाटीचं होतं. तिच्या होकारात फटच नव्हती. प्रश्न संपायच्या आत ती मोठ्यानं 'व्हय' म्हणाली होती. इतक्या घाईनं होकार देणाऱ्या माणसाला, यंत्राच्या मते, दुसरं काही ऐकू येण्याची भीती असते.

नारळी पौर्णिमेला समुद्र खुला झाला. खोल्या रिकाम्या. एकोणीस दिवस सखा कुणाशी बोलला नाही. हेमांगी रोज चार खोल्या झाडायची, चादरी बदलायची, बाकड्याखाली बघायची. तिथे फक्त तिच्या स्वतःच्या चपला. रिकामी खोली ही मासळीसारखी असते. आजची उद्या विकता येत नाही. फरक इतकाच, की मासळीचं निदान कालवण होतं.

विसाव्या दिवशी दुपारी, ताट पुढ्यात असताना, फोन वाजला.

''काय गो वयनी, जेवलंस?''

ती दचकली. आवाज सख्याचाच, पण बोलणं भालचंद्रासारखं. गावाच्या चॅनेलवरून तेवढंही त्यानं उचललं होतं.

''बसलंय जेवूक. बोल.''

''बेळगावचं कुटुंब आसा. दोन खोल्यो, तीन दिवस. खोलीक दिवसाचे नऊशे चाळीस. न्याहारीसकट.''

''आम्ही देवाक शब्द दिलाव. दोन हजाराच्या खाली खोली नाय.''

''खोली देऊच नको,'' सखा म्हणाला. ''खोलीचं भाडं एक रुपया. नावापुरतं. बाकीचे नऊशे एकोणचाळीस न्याहारीचे आणि पाहुणचाराचे. तू न्याहारी देतंस. न्याहारी घेणारो माणूस खंय तरी निजतलोच. देवाक तू न्याहारीबद्दल काय बोलूक नाय.''

हेमांगीनं देवळात घातलेलं गाऱ्हाणं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. न्याहारीचा उल्लेख खरोखरच नव्हता.

''बाकीच्यांका सांगूचा नाय,'' ती म्हणाली.

''शप्पथ,'' यंत्र म्हणालं.

''बघूया'' म्हणायला तिनं तोंड उघडलं. निघालं ते ''व्हय.''

त्या दुपारी एक वाजून दहा मिनिटं ते एक वाजून एकवीस मिनिटं या वेळात आंबेवेळात एक्केचाळीस फोन वाजले. प्रत्येकाला वेगळा आकडा आणि तीच शपथ. संध्याकाळी बाजारात सगळे भेटले, तेव्हा दाजींनी मासळीकडे बघत विचारलं, ''काय गो हेमांगी, काय सख्याचो फोनबिन?'' ती म्हणाली, ''छे. तुमका?'' दाजी म्हणाले, ''माझो फोन बंद आसा.'' एवढ्यात त्यांच्या खिशात तो वाजला.

त्या महिन्यात आंबेवेळच्या खोल्या भरून वाहिल्या. आठशे साठ मुक्काम झाले. ग्रामसभेत बिराजदारांनी चष्मा पुसला, कागद दूर धरला, जवळ धरला.

''या महिन्याचा मुक्काम कर,'' ते म्हणाले, ''त्रेचाळीस रुपये.''

''हजार?'' कुणीतरी विचारलं.

''रुपये. खोलीमागे भाडं एक रुपया, त्याचे पाच पैसे. एक्केचाळीस घरांतनं सगळ्यांचं सारखंच आहे बघा. एकी म्हणतात ती हीच.''

एक्केचाळीस माणसं छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

दिवाळीच्या आधी दोन्ही जीवरक्षकांचे पगार थांबले. दुसरा होता तो गोव्याला निघून गेला. भालचंद्र वहिनीच्या पडवीत येऊन बसला. त्यानं तिला बोल लावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

''किती?'' त्यानं विचारलं.

''नऊशे चाळीस.''

''न्याहारी धरून?''

''व्हय.''

तो हसायला लागला. ''दाजींका तेराशे दिल्यान गो. आणि दाजी न्याहारीक नुसतो पाव देतत.''

''भावजी, माका काय ठावक सगळेच...''

''सगळ्यांका असाच वाटला वयनी. तूच तर सांगलंस, एकेकान म्हणा.''

हे तो रागानं म्हणाला नाही. त्यामुळे ते लागलं.

पंचायतीनं मनोरा मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा तो मुक्कामसख्यानं भाड्यानं घेतला. किनाऱ्यावर सुरक्षितता हवी, असं पाहुणेच म्हणत होते. नवी सोय निघाली, 'सागरसखा'. माणशी दोनशे नव्व्याण्णव रुपये. मनगटाला निळा पट्टा बांधायचा. वर ड्रोन फिरणार, पाण्यात कुणाला पट्टा आहे ते बघणार. जीवरक्षकाच्या कानात सूचना येणार. नेमणुकीसाठी स्थानिक अनुभवी माणूस हवा होता. भालचंद्र मनोऱ्यावर पुन्हा चढला. मनोरा तोच, शिडीची तिसरी पायरी तशीच हलणारी. फक्त आता त्यानं कुणाला काढायचं, हे त्याला सांगितलं जात होतं. पट्टा नसलेल्याला काढलं, तर 'अनधिकृत सेवा' म्हणून त्याचं काम काही काळ बंद.

''आणि पट्टो नसलेलो बुडाक लागलो तर?'' हेमांगीनं विचारलं.

''ता मी बघीन.''

हा बघीन वेगळा होता. तो ऐकून हेमांगीनं एक काम सुरू केलं. तिच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना ती हळूच सांगू लागली, की पट्टा घेऊ नका, पैसे फुकट जातात, मनोऱ्यावर आमचे भावजी आहेत. सख्याविरुद्ध तिला एवढंच करता येत होतं. माणशी दोनशे नव्व्याण्णव रुपयांचा सूड.

डिसेंबरात लातूरचं कुटुंब आलं. उन्मेष देशमाने, त्याची बायको वृषाली आणि त्याची आई. तीन जोड चपला. रविवारी सकाळी घावणे-चटणी खाऊन ते निघाले.

''पट्टे घ्यायचे का हो?'' वृषालीनं विचारलं.

''कशाला? गुडघाभर पाण्यात तर जाणार,'' हेमांगी म्हणाली. ''आमचे भावजी आहेत तिथे.''

ओहोटीची वेळ झाली की ती किनाऱ्यावर एक फेरी मारायची. आठ वर्षांची सवय. त्या दिवशी ती पोचली तेव्हा वृषाली आणि सासू वाळूवर उभ्या राहून ओरडत होत्या. उन्मेष खाडीच्या तोंडाशी होता. डोकं दिसत होतं, मग हात दिसत होता, मग दोन्ही नाही.

मनोऱ्यावर भालचंद्र उभा राहिलेला. त्याच्या कानात आवाज आला, ''भालचंद्रजी, हा पाहुणा सेवेत नाही. थांबा. व्यवहार सुरू आहे.''

तेवढ्यात वृषालीच्या हातातला फोन बोलू लागला. अतिशय शांतपणे. ''वृषालीताई, घाबरू नका. उन्मेषजींसाठी सागरसखा आत्ता उपलब्ध आहे. आत्ताचा दर चौसष्ट हजार तीनशे रुपये. मान्य असल्यास 'हो' म्हणा.''

''नको म्हणू!'' हेमांगी धावत आली. ''नको देऊ, तो बघ, तो निघाला! उतरलाय तो!''

भालचंद्रानं कानातलं यंत्र उपटून वाळूत फेकलं होतं आणि होडीची वाट न बघता तो पाण्यात घुसला होता. वृषालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती फोनकडे बघत होती.

''हो!'' ती किंचाळली. ''हो, हो, हो!''

एकच पुरला असता.

उन्मेष वाचला. पोटातलं पाणी काढलं, डॉक्टर येऊन गेले, दुपारी तो हेमांगीच्या पडवीत टॉवेल गुंडाळून बाकड्यावर बसला आणि तिनं त्याला आल्याचा चहा दिला. कप हातात धरून तो बायकोच्या फोनवरची पावती वाचत होता. त्याच्या ऑफिसात मुक्कामसख्याची माहिती सगळ्यांना होती. यंत्र दर कसा काढतं, तेही.

''चौसष्ट हजार तीनशे,'' तो म्हणाला.

''अरे, जीव वाचला तुझा,'' वृषाली म्हणाली.

''हो, हो. तसं नाही.'' त्यानं चहाचा घोट घेतला. ''म्हणजे पासष्ट म्हटलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस, असं त्याला वाटलं.''

''यंत्राला वाटलं! मला नाही!''

''ते चुकत नाही पण.''

''उन्मेष, माझ्या खात्यात साडेतीन लाख होते.''

हे तिनं बोलायला नको होतं. उन्मेषनं कप बाकड्यावर ठेवला.

''मला विचारलं असतं,'' आई भिंतीकडे बघत म्हणाली, ''तर मी घर लिहून दिलं असतं.''

''तुम्हाला कसं विचारील, आई? तुमच्याकडे अ‍ॅप नाही.''

संध्याकाळच्या आत ते निघाले. गाडीत आई पुढे बसली. बाकड्याखालून तिन्ही जोड गेल्या, हे हेमांगीनं दोनदा पाहून घेतलं.

मग भालचंद्र आला. खांद्यावर ओला शर्ट.

''तीन महिने बंद,'' त्यानं फोन दाखवला. ''ती 'हो' म्हणायच्या सहा सेकंद आधी मी पाण्यात गेलंय. सेवा सुरू होवच्या आधी सेवा दिली म्हणतत.''

''भावजी, मीच सांगलंय त्यांका, पट्टो घेव नको म्हणान.''

''माका ठावक आसा. तुझ्या घरातल्या एकाच्या पण हातात पट्टो नसता.''

''मगे काय बोललास नाय?''

''काय बोलूचा? महिन्याभरात चार काढलंय तसले. ड्रोन चार्जिंगक जाता तेव्हा.'' तो बाकड्यावर बसला. ''आज ड्रोन वरच होतो.''

''आणि आता? पुढच्या रविवारी कोण?''

''नवो माणूस धाडतले म्हणे. खंयचो तरी. खाडीचा तोंड तेका कोण दाखवतलो?''

हेमांगी उठली. तिनं भिंतीवरची पाटी काढायचं ठरवलं. उद्यापासून सख्याला खोली नाही, कितीही रिकामी राहो. तसं ती दिराला म्हणालीसुद्धा.  त्यानं फक्त बाकड्याखाली पाहिलं. तिथे त्या दोघांच्या चपला होत्या.

फोन वाजला.

''काय गो वयनी,'' सखा म्हणाला, ''चहा झालो? उद्याक चारही खोल्यो. आठशे साठ. न्याहारीसकट.''

भालचंद्र तिच्याकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

''बघूया,'' ती म्हणाली.

 यंत्राला घाई नव्हती. त्यानं आकडा बदलला नाही, पुन्हा विचारलंही नाही. तिचा श्वास तेवढा ते ऐकत राहिलं.

''व्हय,'' ती म्हणाली.

देशमाने कुटुंबाच्या मुक्कामाची पावती बिराजदारांनी सोमवारी फाडली. खोलीभाडं एक रुपया. चौसष्ट हजार तीनशे हा कंपनीच्या वर्गवारीत मुक्काम नव्हता, 'अनुभव' होता, त्यामुळे तो हिशेबात आला नाही. पाच टक्क्यांनी ग्रामपंचायतीचे पाच पैसे झाले. पाच पैशांचं नाणं २०११ सालापासून चलनात नाही.